खुणेला अडीच हात बाकी

१९ ऑगस्ट, सोमवार

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. उशीर थोडाथोडका नाही हे मलाही कळतं. तुझी आई गेली तेव्हा तू कार्ड पाठवलं होतंस, त्याचं हे उत्तर. तिला जाऊन आता तीन वर्षं होतील. त्याआधीची सहा धरली तर तुझ्यामाझ्यात नऊ वर्षांत त्या कार्डाखेरीज एक शब्द नाही. कार्ड मी जपून ठेवलं होतं, पत्त्यासाठी. पत्ता अजून तोच आहे ना? नसला तर हे पत्र कोणाच्या हाती पडेल याची काळजी वाटते. जो कोणी वाचत असेल त्याने कृपया परत पाठवावं.

हा कागद उत्तरपत्रिकेचा आहे. वर "परीक्षार्थीचे नाव" आणि "एकूण गुण" असं छापलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. सध्या आम्ही सगळी गल्ली शाळेत राहतो, म्हणून. तुझ्या कानावर आलंच असेल, इकडे पाणी आलं. फार काही नाही. घराची थोडी पडझड झाली. मी बरा आहे. पाचवीच्या वर्गात माझी जागा खिडकीजवळ आहे, हवा येते. बाकं एकावर एक रचून मध्ये पडदे लावलेत. मी आयुष्यात चौथीच्या पुढे गेलो नव्हतो, आता म्हातारपणी पाचवीत बसलो, असं न्हावी माझ्याबद्दल सगळ्यांना सांगत फिरतो. तो रोज सकाळी व्हरांड्यात खुर्ची मांडून सगळ्यांच्या दाढ्या करतो. म्हणतो, "पुराने सगळं नेलं, वाढवली ती फक्त दाढी."

तुमच्याकडे पाऊस कसा आहे? तुमच्या घराजवळ नदी आहे का? असली तर किती लांब? ओढा असला तरी कळव. ओढ्यावर विश्वास ठेवू नये. तुझा डावा कान पावसाळ्यात दुखायचा, अजून दुखतो का? कापूस घालत जा.

पोस्टमन इथे शाळेच्या फाटकात येतो. पत्ता: शाळा, वर्ग पाचवी ब. एवढं पुरे.

तुझे बाबा


२३ ऑगस्ट, शुक्रवार

चि. ठमीस आशीर्वाद.

पहिलं पत्र पोचलं की नाही कळत नाही. पोस्टमन म्हणतो चार दिवसांत उत्तर येत नसतं आजोबा, पत्र गेलं असेल तर आधी पोचू तर द्या. मी रोज विचारतो म्हणून तो आता लांबूनच मान हलवतो.

पहिल्या पत्रात मी थोडी पडझड लिहिलं. तसं नाही. घर नाही. पुढची भिंत पडली, मग माळा खाली आला, मग पडवी गेली. स्वयंपाकघराची एक भिंत उभी आहे आणि तिच्यावर तुझ्या आईची डब्यांची फळी आहे, डब्यांसकट. सगळं घर गेलं आणि फळी कशी राहिली, येणारा जाणारा बघून जातो. आत गुडघाभर गाळ आहे. फावड्याने काढतो तर खाली गेल्यासारखा वाटतो आणि सकाळी परत तेवढाच. गल्लीत सगळ्यांच्या गाद्या भिंतींवर वाळत घातल्यात, त्या वाळत नाहीत, नुसत्या कुबट वास मारतात. पिण्याचं पाणी टँकरने येतं. एवढं पाणी आलं आणि प्यायला नाही. इस्त्रीवाल्याकडे लोकांचे कपडे होते, त्याने ते गाळातून उपसून धुतले आणि शाळेच्या कुंपणावर टाकलेत. रोज माणसं जाऊन आपापला सदरा ओळखतात.

जनावरांचं लिहायचं नव्हतं, पण तू विचारशीलच. तू आधी तेच विचारशील.

आपल्या शेजारची दूधवाली तुला आठवते. तुझं अर्धं लहानपण तिच्या गोठ्यात गेलं. तिच्या सात म्हशी होत्या. आता एक आहे, मोडक्या शिंगाची, आणि तिचं पारडू. पारडू दूधवालीने स्वतः खांद्यावर घेऊन गिरणीच्या गच्चीवर नेलं. मोडक्या शिंगाचीचं दावं जुनं होतं, ते तुटलं. बाकी सहांची दावी नवीन होती. याच उन्हाळ्यात आणली होती.

मी गिरणीच्या गच्चीवरून पाहिलं. सगळी गल्ली तिथेच होती. म्हशींनी माना वर केल्या होत्या. नाकपुड्या तेवढ्या पाण्यावर. आवाज करत नव्हत्या. ठमे, म्हैस पोहते. पुरातसुद्धा पोहते. मोकळी असती तर पोहलीच असती.

शेळ्या किती गेल्या ते लिहीत नाही. कोंबड्या काही छपरावर होत्या, त्या वाचल्या. तीन दिवस ट्रक येऊन मेलेली जनावरं नेत होता आणि माणसं मागोमाग चुना टाकत होती. मोडक्या शिंगाची म्हैस आता शाळेच्या फाटकात बांधली आहे. बांधली म्हणजे दावं नुसतं ठेवलंय, कोणी गाठ मारत नाही. ती दूध देत नाही. दूधवाली सवयीने पहाटे उठते, बादली घेऊन तिच्यापाशी बसते आणि रिकामी बादली घेऊन परत येते. मी काल तिला म्हटलं, "वहिनी, थोडे दिवस जाऊ द्या." तर ती मला म्हणाली, "भावजी, तुम्ही होता म्हणून माणसं तरी वाचली. तुम्ही गच्चीवर चला म्हणाला नसता तर आम्ही गोठ्यातच मेलो असतो."

जेवायला बोलावलं तेव्हाही उठलो नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

तुझ्या पत्राची वाट बघतो आहे.

बाबा


२९ ऑगस्ट, गुरुवार

चि. ठमे,

आज खरं लिहायचं ठरवलं आहे. इथे कोणाला सांगता येत नाही. आणि यातली मुळातली गोष्ट माझ्याशिवाय दोनच माणसांना माहीत आहे, एक तू आणि दुसरा तुझा नवरा.

आपल्या गल्लीची रीत तू विसरली नसशील. पाणी चढायला लागलं की सगळे आपल्या पडवीत जमायचे आणि मधल्या खांबावरची खूण बघायचे. मोठ्या पुराची खूण, माझ्या वडिलांनी पटाशीने मारलेली. पडवीच्या पायरीला पाणी लागलं की पाण्यापासून खुणेपर्यंत हाताने मोजायचं. दोन हात किंवा जास्त उरलं तर घरी थांबायचं, जनावरं पक्की बांधायची, कारण सुटलेलं जनावर धारेला लागून पुलाच्या कमानीत अडकतं. दोन हातांच्या आत आलं तर दावी कापायची आणि टेकडी गाठायची. माझ्या वडिलांच्या वेळेपासून हा हिशोब कधी चुकला नाही. आणि मी तर तीस वर्षं पुलाखालची पातळीची पट्टी वाचलेला माणूस, म्हणून मोजायचो मीच.

त्या दिवशी दुपारी सगळे आले. मी मोजलं. अडीच हात भरले. मी सांगितलं, "खुणेला अडीच हात बाकी. कोणी हलू नका. दावी दुहेरी गाठीने बांधा." दूधवालीने मला परत विचारलं, "नक्की ना भावजी?" मी म्हटलं, "पाणी मला शिकवता का?"

हे झालं एक. आता दुसरं.

त्याच्या अर्धा तास आधी बगळा आला होता. माझ्या जागेवर लागला तो, लांब पायांचा, उमेदवारीत असताना आपल्याकडे जेवायला यायचा, तूच त्याला बगळा नाव ठेवलं होतंस. तो गुडघाभर पाण्यातून सायकल हाताने ढकलत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आला. मी तिथेच उभा होतो. म्हणाला, "काका, पट्टी बुडायला आली. वरून अजून सोडताहेत. मोठ्या पुराच्या वर जाणार. गल्ली रिकामी करा. मला खालच्या वस्तीलाही सांगायचंय. तुम्ही सांगितलं की लोक ऐकतील." आणि तो गेला. त्याने माझ्यावर सोपवलं. मी शिकवलेला माणूस, दुसऱ्या कोणावर सोपवणार?

मी घरी आलो, खूण मोजली, आणि त्याचा निरोप कोणाला सांगितलाच नाही. मनात म्हटलं, पोरगा घाबरला. आठ वर्षांत त्याने पूर पाहिला कुठे?

साडेतीनला पाणी पायरीवरून एकदम आत आलं. चारला मी सगळ्यांना गिरणीकडे पिटाळलं. गोठ्यांत तोवर छातीभर पाणी होतं, धार लागली होती, गाठी ओल्या होऊन आवळल्या होत्या. दूधवाली कोयता घेऊन परत निघाली होती, तिला दोघांनी धरून ठेवलं.

खूण चुकली नव्हती, ठमे. खूण जागेवर नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी आपण पडवीत भर घालून जमीन उंच केली, छत डोक्याला लागायला लागलं, म्हणून तुझ्या आईने त्या सुताराला बोलावलं. तेव्हा तो फक्त सुतार होता. त्याने छत टेकू देऊन उचललं, मधला खांब वर घेतला आणि खाली विटांची बैठक बांधली. खांब वर गेला तर खूणही वर गेली. मी दिवसभर पुलावर होतो, संध्याकाळी आलो तर काम संपलेलं. तू चहा आणत होतीस. तो मला म्हणाला, "बाबा, ही खूण आता खोटी झाली. जेवढा खांब उचलला तेवढी खाली नवी मारून देतो." त्याच्या हातात पटाशी होती.

मला त्याने बाबा म्हटलेलं आवडलं नाही. आणि तू ज्या तऱ्हेने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवलास, त्यावरून मला काय समजायचं ते समजलं. मी म्हटलं, "माझ्या बापाच्या खुणेला हात लावलास तर हात मोडीन. लाकडं जोडतोस ती जोड, पाणी मला शिकवू नकोस." त्याची पेटी मी गल्लीत फेकली. करवतीची मूठ मोडली. पुढचं तुला माहीत आहे, महिन्याभरात तू त्याच्याबरोबर गेलीस.

नंतर मी ती गोष्ट विसरलो असं म्हणणार होतो. खोटं आहे ते. विसरलो नाही. दर पावसाळ्यात खांबाकडे बघितलं की मनात यायचं, नवी खूण मारायला हवी. मारली असती तर तो बरोबर होता असं झालं असतं. म्हणून नाही मारली. एवढंच. नऊ पावसाळे बेताचे गेले, धकून गेलं.

हे तुला लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

बाबा


४ सप्टेंबर, बुधवार

चि. ठमे,

तुझं उत्तर आलं नाही. येईल. पत्रं भिजली असतील, टपालाची पोतीही भिजली म्हणतात. म्हणून मी हे पत्र दोनदा लिहिलं आहे, एक आज टाकतो, एक उद्या. दोन्ही आली तर एक टाकून दे.

काल शाळेच्या पटांगणात मोठे साहेब आले होते. पूर का सांगितला गेला नाही याची चौकशी आहे. गल्लीने एका आवाजात सांगितलं, बगळ्याने वर्दी दिली नाही. दूधवाली उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, माझ्या सहा म्हशी गेल्या. हा माणूस आमच्या गल्लीत फिरकलाच नाही." बगळा म्हणाला, "मी कोपऱ्यापर्यंत आलो होतो. सांगितलं होतं." साहेबांनी विचारलं, "कोणाला?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बसला. मागून कोणीतरी म्हणालं, "बेडकाला सांगितलं असेल." लोक हसले. त्याची नोकरी जाणार असं दिसतं. बायको त्याची शाळेच्या फाटकाशी उभी होती, पोटुशी आहे.

मी उठलो. न्हाव्याच्या खांद्याला धरलं. म्हटलं, "साहेब, मला सांगितलं होतं. मी पुढे सांगितलं नाही." आणि खांबाचं सगळं सांगितलं.

साहेब हसले, म्हणजे चांगल्या मनाने हसले. म्हणाले, "आजोबा, तुम्हीच याला शिकवलंत ना? त्याला वाचवायला तुम्ही असं बोलता, समजतं मला. तीस वर्षं पट्टी वाचलेला माणूस वर्दी दाबून ठेवेल हे कोण मानेल?" मी म्हटलं, "खूण खोटी होती म्हणून." ते म्हणाले, "कुठे आहे ती खूण?" खांब नदीत गेला, विटांची बैठक फुटून गेली. दाखवू काय? गल्लीतले लोकही म्हणायला लागले, आजोबांना धक्का बसलाय, घर गेलं ना. न्हाव्याने मला धरून बसवलं आणि पाणी दिलं.

फक्त दूधवाली तसं म्हणाली नाही. संध्याकाळी ती माझ्या पडद्याशी आली. आत आली नाही. म्हणाली, "भावजी, खरं बोललात का तुम्ही मघाशी?"

मी हो म्हटलं.

तिने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "गाठ दुहेरी मी माझ्या हातांनी मारली हो." आणि गेली. आज सकाळी ती बादली घेऊन उठली नाही. माझ्याशी बोलतही नाही. मी वाट बघत नाही तिच्या बोलण्याची. तुझ्या शब्दाची बघतो आहे.

साहेबांनी मला एक मुदत दिली. म्हणाले, "ज्याने खांब उचलला तो सुतार कुठे असेल तर त्याच्या हातचं लिहून आणा, किती उचलला ते. बाराव्या तारखेच्या आत. मग बघू." म्हणून लिहितो. सुतार माप विसरत नाही. मला विचारशील तर मला माहीत नाही, मी त्या दिवशी बघायलाच तयार नव्हतो.

आणि ते माप मलाही हवं आहे, ठमे. रात्रंदिवस मी वीत टाकून मोजत बसतो, बाकावर, भिंतीवर. अडीच हात मी मोजले. खांब एकच वीत उचलला असेल, म्हणजे अर्धा हात, तर खऱ्या खुणेनेही दोन हात भरले असते. मग माझे वडीलसुद्धा त्या दिवशी थांबाच म्हणाले असते. आणि दोन विती उचलला असेल, तर दीडच हात उरत होता, दावी त्याच वेळी कापायला हवी होती, आणि सहा म्हशी माझ्या. निरोप दाबला तो दाबलाच, त्यातून सुटका नाही. पण म्हशींचं मला कळलं पाहिजे. मला बरं वाटावं म्हणून माप कमी लिहू नका. जावईबापूंना म्हणावं, जेवढं होतं तेवढंच लिहा, बोटभरही इकडचं तिकडे नको. त्यांना मी काय काय बोललो ते त्यांना आठवत असेलच. माफी मी पत्रातून मागत नाही, ती समोर उभं राहून मागायची गोष्ट आहे. ते दारात उभं राहू देतील की नाही ते त्यांच्यावर. पण बगळ्याचं काही चुकलेलं नाही, त्याच्यासाठी तरी लिहावं.

ते नाही म्हणाले तर तू लिही. टेकूच्या वेळी मापाची दोरी धरून तूच उभी होतीस, तुझ्या आईने सांगितलं होतं.

एक विनंती. माप वेगळ्या कागदावर लिहा, त्यावर दुसरं काही नको. तो कागद साहेबांना द्यावा लागेल, तो परत मिळायचा नाही. आणि माझ्यासाठी काही लिहायचं असलं, रागाचं असलं तरी, तर ते दुसऱ्या कागदावर लिही. तो मला राहील.

बारा तारखेच्या आत पोचायला आठ-नऊ तारखेला तरी टपालात पडायला हवं. लवकर कळव.

तुझे बाबा